कडेच्या वस्तू

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो भाताच्या पेंढ्यात गुंडाळून. प्रकाशमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शहापूरला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. कुणीतरी टाकून दिलेला एक त्याने माझ्यासाठी पुन्हा चालता केला आणि टेम्पोत घालून आमच्या गावात आणला. किन्हवलीचा रस्ता तेव्हा असा होता की माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत, म्हणून मामाने चारही बाजूंनी पेंढा दाबून भरला होता. अंगणात उतरवल्यावर सगळ्यांत आधी पुढे झाली ती आमची म्हैस. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पक्या, हा अभ्यासाला आणलास का वैरणीला?" मामा हसला, पेंढा म्हशीला दिला आणि डबा आमच्या पडवीत मांडला. कीबोर्डच्या बटणांत अडकलेल्या काड्या मी पुढे कितीतरी दिवस सुईने काढत होते.

मी तेव्हा अकरावीत होते. कॉलेज सकाळचं. घरात आम्ही तिघंच. बाबा पावसाळ्यात शेतात आणि उरलेले महिने भिवंडीकडे एका गोदामात कामाला. पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे. म्हणजे दुपार आम्हा दोघींची. जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, की आई ओले हात पदराला पुसत पडवीत यायची आणि विचारायची, "आली का गो?" आली का म्हणजे लाईट. लोडशेडिंगचे दिवस ते. आमच्याकडे दुपारी दोनला लाईट यायची आणि साडेचारला टाटा करायची. पंखा गरगरायला लागला की आम्ही दोघी धावत एकाच पाटावर बसायचो, मी उजवीकडे माऊस घेऊन आणि आई डावीकडे, मांडी घालून. तिच्या अंगाला भाजलेल्या बोंबलाचा आणि राखेचा वास यायचा. आजही कुणाच्या घरी बोंबील भाजत असले की मला कॉम्प्युटर सुरू होतानाचा तो टुणकन आवाज ऐकू येतो, काय सांगू.

मामाने डब्यासोबत एक सीडी दिली होती. तीत एक गेम होता. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आमच्या घरात त्याला नाव पडलं 'तपास'. "चल, तपासाला बसू," असं आई म्हणायची. त्यात लांब कोट घातलेली एक पोलीसबाई होती. कुठे खून झालेला, कुठे दागिने गेलेले. ती एका खोलीत शिरायची, आणि ती खोली म्हणजे नुसता पसारा. त्या पसाऱ्यात दडवलेल्या वस्तू शोधायच्या. खाली इंग्रजीत यादी असायची; सापडली वस्तू की तिच्यावर टिचकी मारायची. सगळ्या सापडल्या की बाईचं टेबल उघडायचं आणि खरा तपास सुरू व्हायचा. ब्रशने पांढरी भुकटी फिरवून पेल्यावरचा ठसा उठवायचा, तो संशयितांच्या ठशांशी जुळवायचा, फाटलेल्या चिठ्ठीचे तुकडे जोडायचे, चिखलातलं पाऊल कुणाच्या बुटाचं ते ओळखायचं. आईला त्या पोलीसबाईची भारी काळजी. "एवढ्या उन्हाची कोट घालून फिरते, हिला घामोळं नाय येत?" आणि खोल्या बघून तर ती कपाळालाच हात लावायची. "अगो, एवढा पसारा! या घरातल्या बायकांना हात नाय दिले देवानं?"

आईला इंग्रजी येत नव्हतं. मी यादी वाचायची, अर्थ सांगायचा, आणि शोधायची ती. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायचा अवकाश, तिचं बोट पडद्यावर. "ते काय घुबड, कपाटावर." "किल्ली? ती काय, घोड्याच्या पायाशी." मी नुसती हमाली करायची. एकदा यादीत असा शब्द आला की मलाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. डिक्शनरी काढली, शिवताना बोटात घालायची टोपी, असं काहीतरी होतं. आई म्हणाली, "मग अंगुस्ताना बोल ना सरळ," आणि मेणबत्तीच्या बुडाशी ठेवलेला तो इवलासा अंगुस्ताना तिने दाखवलासुद्धा. तिचे वडील मुरबाडच्या बाजारात शिवणकाम करायचे. लहानपणी जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करणं हे तिचं काम होतं, आणि एकही टाचणी कधी कुणाच्या पायाला लागली नाही हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. नजर तीच, फक्त जमिनीऐवजी पडदा.

आम्ही गेमवर थांबलो नाही. मी टाल्कम पावडर आणि मामाने कीबोर्ड झाडायला दिलेला मऊ ब्रश घेऊन घरातले ठसे उठवायला निघाले. बाबांचे ठसे स्टीलच्या पेल्यावर झकास उठले, माझेही. आईचे काही केल्या उठेनात. नुसता पांढरा डाग. राख, चिखल, भाताची आवणी आणि विळा यांनी तिच्या बोटांवरच्या रेघाच पुसून टाकल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण आईला कोण आनंद! "म्हंजे मी चोरी केली तरी सापडायची नाय," म्हणाली आणि संध्याकाळी बाबांना, आत्याला, दूध घ्यायला आलेल्या माणसालाही तिने हे ऐकवलं.

मग मी एक वही केली. शंभरपानी, वर ठळक अक्षरांत 'पंचनामा'. प्रत्येक खोलीचा पंचनामा लिहायचा: तारीख, खोली कोणती, वस्तू किती, कुठली वस्तू कुणाला सापडली. आईला सापडली तर 'आ', मला सापडली तर 'वै', म्हणजे वैशाली. पहिली कितीतरी पानं नुसती 'आ आ आ आ'. मधूनच एखादा बिचारा 'वै'. मी तशी तापट, हरणं मला सोसत नाही. आज शहापूरच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते तर तिथली पोरं मला मागून फटाकडी म्हणतात. पण आईकडून हरताना मला राग यायचा नाही. गावात सगळ्यांना वाटायचं, हिची आई अडाणी आणि ही शिकतेय. त्या पाटावर ते उलटं असायचं आणि मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर तेवढे अडीच तास मला मैत्रीण होती.

बारावीत गेले आणि पंचनाम्यात 'वै' वाढायला लागले. मला वाटलं, मी तरबेज झाले. एके दिवशी आईच म्हणाली, "वैशू, आपण वाटून घेऊ. मधल्या वस्तू माझ्या, कडेच्या तुझ्या." मी म्हटलं, का? तर म्हणाली, "एवढ्या वस्तू दोघींनी कशाला बघायच्या? भाताची लावणी नाय का आपण वाटून करत, तू त्या बांधाकडनं, मी या?" मला पटलं. मग दुसरी गोष्ट. तिला नवी खोली नको असायची. "तीच साहेबाची खोली लाव गो, ती चांगली हाय." साहेबाची खोली म्हणजे पहिल्या केसमधली अभ्यासाची खोली, जिथे ते घुबड आणि अंगुस्ताना होता. मी कुरकुरायची, की यातलं तुला सगळं पाठ झालंय, यात काय मजा? ती म्हणायची, पाठ झालंय म्हणून तर मजा. आता वाटतं, पोलीसबाईच्या शेजारी बसून मी किती केस सोडवल्या, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडून सरळ कबुलीजबाब येत होता तो मला ऐकू आला नाही.

घरातही खुणा पडत होत्याच. भातात खडे यायला लागले. माझ्या आईने निवडलेल्या तांदळात खडा ही अशक्य गोष्ट. बाबांच्या दाढेखाली कच्चकन आला तेव्हा त्यांनी गिरणीवाल्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, सुपाच्या मधला तांदूळ स्वच्छ आणि सगळे खडे सुपाच्या काठाला. दाराच्या चौकटीवर तिचा डावा खांदा आपटायचा. ती चौकटीलाच शिव्या घालायची. डोकं दुखायचं तिचं, कपाळाच्या एका बाजूला, आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायची. "छान दिसतं गो, देवाच्या फोटोतल्यासारखं." आम्ही मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे जबर दृष्ट लागली होती असा निकाल लागला, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस तिचं डोकं खरंच थांबलं.

दिव्याच्या कड्याची गोष्ट गंगूआत्याने ऐकली. गंगूआत्या बाबांची चुलतबहीण, आमच्या घराला लागूनच तिचं घर. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत गावात तिचा शब्द शेवटचा. तिने आईला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं, पापणी वर करून बघितलं आणि जाहीर केलं, "मोतीबिंदू हाय. माझं बी असंच झालेलं. पण कच्चा हाय अजून. पिकू दे." कच्चा काढला तर नजर बसते, पिकला की सायीसारखा अलगद निघतो, असं तिने हातवारे करून समजावलं. बाबांना ते एका झटक्यात पटलं. "बरोबर हाय. भात हिरवं असताना कापतो का आपण?" म्हणाले. आईने मान डोलावली. मीही डोलावली. शास्त्र शाखेत शिकणारी, बेडूक कापणारी मी. आम्ही भातवाली माणसं; वाट बघणं हेच आमचं काम. कणीस हिरवं आहे तोवर विळा लावायचा नाही, हे आम्हाला जन्मल्यापासून माहीत. 'पिकू दे' या शब्दावर शंका घ्यायची असते हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

मग घरात ती चौकशीच सुरू झाली. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, "काय गो, पिकला का?" आई म्हणायची, "नाय अजून. सुई ओवते मी." आणि ती खरंच ओवायची. एका फटक्यात. मोतीबिंदू झाला तेव्हा आत्याला सुई सोडा, दोरासुद्धा दिसत नव्हता. आईला नेढं दिसत होतं आणि दाराची चौकट दिसत नव्हती. दोन ठसे समोरासमोर ठेवलेले, एकही रेघ जुळत नाही, आणि तरी आम्ही म्हणतोय हा एकच माणूस. गेममध्ये असती ही केस तर मी दोन मिनिटांत सोडवली असती. हे मी स्वतःला किती वर्षं ऐकवतेय त्याला गणती नाही. जवळजवळ वर्षभर आम्ही तो पिकायची वाट बघितली.

आता ती दुपार. बारावीची परीक्षा संपलेली, मी मोकळी. सीडीतली शेवटची केस राहिली होती. आई म्हणत होती साहेबाची खोली लाव, पण मी हट्टाने शेवटची उघडली. दवाखान्याची खोली होती. खाट, बाटल्या, पडदे. घड्याळ उलटं चालू, वेळेत संपलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आईने मधल्या दोन-तीन वस्तू दाखवल्या आणि मग थांबलीच. यादीत एकच उरली, कात्री. मला ती केव्हाच दिसली होती, पण मी म्हटलं, बघू या आईला सापडते का. ती पडद्याजवळ तोंड नेऊन मान हळूहळू इकडून तिकडे फिरवत होती. तिचा श्वास काचेवर पडत होता. "कात्री, कात्री..." असं पुटपुटत होती. वेळ संपली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वेळ संपली तेव्हा माझं डोकं सटकलं. मी ओरडले, "समोर हाय! एवढी मोठी कात्री! आंधळी हायस काय?"

आमच्याकडे हे सगळेच सगळ्यांना म्हणतात. पायात पाय आला तरी म्हणतात. आई हसली. "व्हय गो, आंधळीच," म्हणाली. मी रागाने बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. कात्री कुठे होती ते तिला दाखवलंसुद्धा नाही. ती थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसली आणि मग म्हशीला पाणी दाखवायला उठली.

त्यानंतर आठवडाभरात आई किन्हवलीच्या एस्टी स्टँडवर पडली. डावीकडून सायकल आली. साधी, घंटी वाजवत येणारी सायकल. सायकलवाला शपथेवर सांगत होता, की मावशी माझ्याकडे बघून सरळ चाकाखाली आल्या. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, सायकल दिसली कशी नाही? मग त्यांनी आईला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट हलवत आणलं. बोट जवळजवळ नाकाशी आलं तेव्हा आई म्हणाली, "आता दिसलं." डॉक्टरांनी प्लास्टर अर्धवट ठेवून कल्याणच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. बाबा म्हणाले, "पिकला वाटतं." त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती. घरून निघताना त्यांनी आईला नवं लुगडं नेसायला सांगितलं, ऑपरेशन होणार म्हणून.

कल्याणला आईची तपासणी झाली ती मी जन्मात विसरणार नाही. अंधाऱ्या खोलीत एक यंत्र. पांढरं, मोठ्या परातीएवढं खोलगट भांडं उभं करून ठेवावं तसं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. आईच्या उजव्या हातात बटण दिलं. तिने मान वळवून मला हळूच म्हटलं, "वैशू, हे तर आपला तपास!" मी मागे स्टुलावर बसले होते आणि तिच्या खांद्यावरून मला भांडं दिसत होतं. मध्ये टिंब चमकलं, टक्. पुन्हा चमकलं, टक्. मग वर डावीकडे चमकलं, आणि काही नाही. खाली कडेला चमकलं, काही नाही. उजवीकडे, काही नाही. इतकी शांतता होती की यंत्राची घरघर ऐकू यायची. टिंबं लागत होती, विझत होती आणि आई मन लावून, ओठ घट्ट मिटून बटणावर अंगठा ठेवून बसली होती. मला राहवेना. मी ओरडले, "आई, वरती! डावीकडे बघ ना!" यंत्रावरची मुलगी माझ्यावर खेकसली, "ताई, सांगायचं नाही. त्यांचं त्यांना दिसायला पाहिजे."

कागद छापून आला. वाटोळं चित्र, मध्ये पांढरी वाटी आणि सभोवार काळं. डॉक्टर बाई होत्या, आईच्याच वयाच्या. त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. आतली नस सुकत जाते. कडेकडून नजर जाते, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली परत येत नाही. उरलेली आपण थेंबांनी सांभाळायचा प्रयत्न करू." बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग अगदी अदबीने विचारलं, "पण मॅडम, पूर्ण पिकल्यावर तरी काढता येईल ना?" बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या बाबांना म्हणाल्या, "बाबा, हा पिकत नाही हो." बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. त्या माणसाला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई नव्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसली होती आणि आम्हा दोघांना धीर देत होती. "अवो, दिसतंय मला अजून. सुई ओवते मी."

घरी आल्यावर मी पंचनाम्याची वही काढली. पहिल्या पानापासून वाचली. 'आ आ आ आ'. मग मध्ये मध्ये 'वै'. मग पुढे पुढे एकेका खोलीत 'वै' कुठे आहेत ते मी आठवून आठवून बघितलं. वरचा कोपरा, खालचा कोपरा, डावी कड, उजवी कड. सगळे 'वै' कडेला, आणि पानागणिक आत सरकत आलेले. कल्याणच्या यंत्राने एका दुपारी छापलेलं चित्र माझ्याच हातांनी दीड-दोन वर्षं मी काढत होते, वर जिंकले म्हणून खूश होऊन. गावात कुणाकडेच पुरावा नव्हता. माझ्याकडे होता, तारीखवार, निळ्या शाईत. ती वही मी माळ्यावर पेंढ्यात खोल खुपसली. गेम कॉम्प्युटरमधून काढून टाकला, सीडी मधोमध मोडली आणि आईला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पंखा फिरायला लागला. आई हात पुसत आली, "आली का गो?" म्हणाली. मी म्हटलं, तो गेम बिघडला. ती म्हणाली, "बरं." पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. बाबा गेले. गंगूआत्याही गेली, शेवटपर्यंत ती आईसमोर यायला लाजायची, आणि आईच तिच्याकडे भिंत चाचपत जाऊन बसायची. थेंबांनी बरीच वर्षं तग धरला, वाटीची पळी झाली, पळीचं नेढं झालं, मग तेही बुजलं. आता आईला उजेड आणि अंधार तेवढा कळतो. ती माझ्याकडे शहापूरला असते. मला चाळिशी आली, म्हणजे वयही आणि चष्माही. आणि हे दुखणं आईकडून मुलीकडे उतरू शकतं, म्हणून दरवर्षी मी कल्याणला जाऊन त्या यंत्रात हनुवटी ठेवते. आई बरोबर येतेच. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

या वर्षीही आली. तपासणी करून मी बाहेर आले, तिच्याशेजारी बाकावर बसले. तिने माझा हात चाचपून धरला. "किती सापडले गो?" "सगळे." "कडेचे?" "कडेचे पण, आई." तिने मोठा श्वास सोडला. मग बराच वेळ माझी बोटं एकेक करून चोळत राहिली आणि एकदम म्हणाली, "तो तपास तू मुद्दाम बंद केलास ना? बिघडला नव्हता तो." बोटं चोळणं चालूच. "मला कळलेलं. म्हटलं, आता मला काय सापडत नाय, मी काय कामाची, पोर किती दिवस सांभाळून घेईल. म्हणून तर मी आधी बोलले नाय गो डोळ्याचं. मधल्या तुला दाखवत राहिले. म्हटलं, कळलं तर ही खेळायची थांबेल." दवाखान्याच्या बाकावर, दहा माणसांसमोर, मी ढसाढसा रडले. वही, काळं चित्र, शरमेने मोडलेली सीडी, सगळं सांगितलं. वीस वर्षं मी समजत होते मी माझा गुन्हा लपवतेय, आणि वीस वर्षं ती समजत होती मी तिला टाकलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. "गप. मला काय ठाऊक? तू बोललीच नाय." मग थोडी हसली. "दोघी सारख्याच."

परतीच्या एस्टीत तिला खिडकी लागते; वारा लागला की कुठे आलो ते ती ओळखते. मी तिला सहज म्हटलं, "घुबड." तिचा चेहरा असा काही उजळला. "कपाटावर." "किल्ली?" "घोड्याच्या पायाशी." "अंगुस्ताना?" "मेणबत्तीच्या बुडाशी, ते काय विचारायचं?" साहेबाची अख्खी खोली तिने मला दाखवली, एकेक वस्तू बोटाने, हवेत. पुढच्या सीटवरची बाई वळून बघत होती. बघू दे. खोली संपली. खडवलीचा फाटा मागे पडला असेल. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"वैशू," ती म्हणाली, "त्या दवाखान्याच्या खोलीतली कात्री कुठं होती गो? मी अजून शोधते तिला. रोज एकदा तरी जाते त्या खोलीत. नायच सापडत."

मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "डावीकडे वर, आई. एकदम कोपऱ्यात. पडद्याच्या दांडीला टांगलेली."

तिने मान वर करून डावीकडे, बसच्या छताच्या कोपऱ्याकडे, नीट बघितल्यासारखं केलं. मग माझ्या मांडीवर थोपटलं.

"म्हंजे कडेची," म्हणाली. "ती तुझीच होती गो."